काबरंमावशी

एसटीत चढल्यावर मावशी मागे कधी बसत नसत. ड्रायव्हरच्या पाठीमागची पहिली जागा धरायच्या आणि गाडी डिंभ्याच्या चढाला लागली की विचारायच्या, "भाऊ, चढाला तुमी ती दांडी वढता, आन उताराला लागली तरी तीच वढता. का बरं?" ड्रायव्हर आधी हसायचा. मग सांगायला लागायचा. सांगता सांगता गाडी इतकी मंद व्हायची की मागून लोक ओरडायचे, "ओ मावशी, बाजार उठंल आमचा, राव!" मावशींचं तिकडे लक्ष नसायचं. उत्तर पुरतं गळी उतरल्याशिवाय त्या माणसाला सोडत नसत, आणि उतरलं की एखादा गोड पदार्थ खाल्ल्यासारखा चेहरा करून खिडकीबाहेर बघत बसायच्या.

त्यांना नावानं हाक मारणारं वाडीत कुणी नव्हतं. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "का बरं?" यायचं, म्हणून त्या काबरंमावशी. हे नाव त्यांच्या तोंडावर घेतलं तरी त्यांना राग येत नसे. "कोन म्हनलं आधी?" एवढंच त्या विचारायच्या.

मी जुन्नरच्या बाजारपेठेतल्या शिंप्याची मुलगी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत आले. वडिलांनी लग्नात शिलाई मशीन दिलं होतं. ते बघायला आलेल्या बायकांत मावशी होत्या. बाकीच्या ओट्यावर येऊन चाकाला हात लावून गेल्या. मावशी अंगणात उभ्या राहिल्या. त्या वर चढल्या नाहीत, आणि माझ्या सासूबाईंनी, आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, त्यांना वर या असं म्हटलंही नाही. तिथूनच मान उंच करून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, हातसुईचं नेढं मागं असतं. हिचं नेढं टोकाला. का बरं?"

ज्या मशीनच्या आवाजात मी लहानाची मोठी झाले, त्या मशीनच्या सुईकडे मी कधी बघितलंच नव्हतं. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा वडिलांना विचारलं. त्यांनी पाय थांबवला, सुईकडे टक लावून बघितलं आणि हसत सुटले. "उभा जन्म गेला हिच्यापुढं. हे कुणी विचारलं नव्हतं." मग त्यांनी एका चिंधीवर सावकाश चाक फिरवून मला दाखवलं. परत आल्यावर मी तसंच मावशींना दाखवलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं आणि शेवटी म्हणाल्या, "म्हंजी ही सुई पल्याड जातच न्हाई. निसता दोरा देती आन माघारी येती." त्यानंतर मला मशीनवर बसताना एकटं वाटेनासं झालं.

मावशी मूळच्या निरगुडसरच्या. तिकडचा कालव्याच्या पाण्याचा सपाट मुलूख सोडून त्या या खडकाळ डोंगरात कशा आल्या, हे त्यांनाही कोडंच होतं. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. "बाप म्हनला, आता कुनापुढं मान खाली घालायची न्हाई, आन कळलं न्हाई तर गप बसायचं न्हाई. भावांनी पयलं धरलं, मी दुसरं," असं त्या सांगायच्या. त्यांचे यजमान, नाना, अगदी उलटे. दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप. मुलगा पिंपरीला कंपनीत होता. वाडीतली आमची घरं वरच्या आळीला होती. मावशींची आणि त्यांच्या भावकीची घरं ओढ्याच्या पलीकडे, गवताचा माळ सुरू होतो तिथे. मधे एक शाळा. ही मांडणी कुणी केली, कधी केली, कुणी सांगत नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं जिथे टाकायची, त्या तुकड्यावर पालापाचोळा, गवत, शेण पसरायचं आणि पेटवून द्यायचं. त्या दिवसांत डोंगरावर कुठे ना कुठे धूर असतोच. म्हणून त्या दुपारी माथ्यावर धूर दिसला तेव्हा कुणी वर मान करून बघितलं नाही. बरेचसे पुरुष घोडेगावला बाजाराला गेले होते. मी काजं करत बसले होते. मग वारा फिरला.

आगीला आवाज असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वाळल्या गवतातून ती उतरत होती आणि कुणीतरी लांबलचक मांजरपाट एका दमात फाडत आहे असं ऐकू येत होतं. मी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला काखोटीला मारलं आणि धरणाच्या पाण्याकडे पळाले. पाणी आटून लांब गेलं होतं. चिखलात पाय रुतत होते. मागून मावशी नानांना दंडाला धरून ओढत आल्या. आम्ही चिखलात उभे राहून बघत होतो. आधी ओढ्यापलीकडची घरं गेली. कारवीच्या भिंती, गवताची छपरं. पेटायला वेळ लागलाच नाही. मग आगीनं ओढा ओलांडला आणि आमच्या आळीचे वासे पेटले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आत्याबाई आमच्यात नाहीत.

त्या म्हशीसाठी मागे फिरल्या होत्या. आम्ही हाका मारत राहिलो. बऱ्याच वेळानं धुरातून आधी म्हैस बाहेर आली, गळ्यातलं जळकं दावं फरफटत, आणि तिच्या मागून आत्याबाई, दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालत. त्या रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "पोरगी कुठंय?" आणि चिखलात बसल्या.

माणूस कुणी दगावलं नाही. गुरं गेली, वर्षाचं धान्य गेलं, घरं तर जवळजवळ सगळीच गेली. माझं मशीन जळून वाकलेलं सापडलं. शाळा तेवढी उभी राहिली. सगळी वाडी शाळेत आली. एका खोलीत वरची आळी, दुसऱ्या खोलीत ओढ्यापलीकडचे, असं कुणी न सांगता झालं. पण चूल व्हरांड्यात एकच पेटत होती, कारण भांडी तेवढीच वाचली होती.

घोडेगावच्या दवाखान्यात आत्याबाईंच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. त्यांना स्वतःच्या हातानं घास घेता येईना, आणि दुसऱ्याच्या हातून खाणं त्यांना सोसेना. मी भरवायला गेले की तोंड फिरवायच्या. माझे यजमान गेले, त्यांनाही तेच. येणारा जाणारा त्यांना बोलायचाच, "म्हशीपायी जीव द्याया निघाला व्हता व्हय? म्हातारपनी काय हे?" त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. दोन-तीन दिवस चहाच्या घोटावर गेले. मला भीती वाटायला लागली.

एका सकाळी मावशी भाकरी आणि आमटीची ताटली घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या. आजवर त्या आत्याबाईंच्या इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. जेवा असं म्हणाल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "आक्का, मला एक सांगा. दावं तर गाठीचं. धुरात दिसत न्हाई, म्हस उड्या मारती. तुमी गाठ सोडली का दावं तोडलं?"

आत्याबाईंनी मान वळवली. तोवर त्यांना सगळे रागावले होते. कसं केलंस, हे कुणी विचारलं नव्हतं.

"सोडली," त्या म्हणाल्या. "सुटंना. वढून वढून गाठ दगड झाल्याली."

"मंग?" मावशींनी घास पुढे केला.

"मंग काय, दातानं." आत्याबाईंनी घास घेतला. "दातानं धरली आन हातानं वढली. तवर वरून पेंडी पडली पेटल्याली, हातावर."

"पडल्यावर हात काढला न्हाई? का बरं?"

"काढला आस्ता तर सैल झाल्याली गाठ पुन्ना बसली आस्ती!" आत्याबाई जवळजवळ ओरडल्या, आणि पुढचा घास घेतला. म्हैस कशी हंबरली, दारात येऊन कशी अडून बसली, तिच्या कानात त्या काय बोलल्या, सगळं त्या सांगत गेल्या. मावशी मधूनमधून विचारत होत्या आणि भरवत होत्या. ताटली रिकामी झाली तेव्हा आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मावशींच्या हाताकडे बघितलं. त्यांचा चेहरा क्षणभर ताठ झाला. मग म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी हाय."

"संध्याकाळी जास्त टाकते," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर हात बरे होईपर्यंत त्यांना मावशीच भरवत होत्या. मी मधे पडले नाही.

वणवा कुणाच्या राबावरून सुटला, ही चर्चा मात्र शाळेच्या आवारात पहिल्या दिवसापासून चालू होती. माथ्याच्या सगळ्यात जवळ हरिभाऊंचा राब होता. हरिभाऊ म्हणजे वरच्या आळीतलेच, आमच्या नात्यातले, अबोल, दोन लेकरांचे बाप. "मी इझवूनच खाली आलो व्हतो," असं ते शपथेवर सांगत होते. पण त्या दिवशी आणखी दोघा-तिघांचेही राब पेटले होते, आणि माळावरून मेंढरंवालेही गेले होते. कुणी हरिभाऊंच्या अंगावर धावून गेलं नाही. फक्त त्यांच्याशी बोलणं थांबलं. पंगतीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

मग शाळेसमोर बैठक बसली. घरं कुठे आणि कशी बांधायची ते ठरवायला. सरकारकडून पत्रे येणार होते, मावशींच्या माहेरच्यांनी निरगुडसरहून विटांचा ट्रॅक्टर पाठवायचं कबूल केलं होतं. पण बोलणं फिरून फिरून आगीवरच येत होतं. कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमी तर समद्याचं इचारता. मंग हे बी इचारा की एकदा, समद्यांसमोर." सगळ्या माना मावशींकडे वळल्या. हरिभाऊ खाली बघत होते.

मावशी उठल्या. म्हणाल्या, "मला दुसरंच इचारायचंय. शाळा जळली न्हाई. का बरं?"

लोक वैतागले. पण त्या काठी घेऊन निघाल्याच, आणि अर्धी बैठक त्यांच्यामागे गेली. शाळेभोवती पोरांनी खेळून खेळून जमीन बोडकी केली होती. गवताची काडी नव्हती. आमच्या घरांच्या भिंतींना मात्र पेंढा, गोवऱ्या, सरपण टेकवून रचलेलं होतं, आणि आग त्यावरूनच घरोघर गेली होती. वनरक्षकही तेव्हा आला होता. तो म्हणाला, मावशी म्हणतात ते बरोबर आहे, आम्ही जंगलात असाच पट्टा मोकळा ठेवतो, त्याला जाळरेषा म्हणतो. तेव्हा ठरत आलं की घरं शाळेजवळ बांधायची आणि डोंगराच्या बाजूला रुंद पट्टा दरवर्षी साफ ठेवायचा.

"आन वढ्यापल्याडच्यांनी?" कुणीतरी विचारलं. "ते त्यांच्या जागंवर बांधतील."

"आमची घरं वढ्यापल्याड व्हती," मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, एसटीतल्यासारखा. "का बरं?"

एक म्हातारे खाकरले. मी आत्याबाईंकडे बघितलं, कारण शाळेलगतचं वावर आमचं होतं. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या.

"व्हती म्हून व्हती," त्या म्हणाल्या. "आता नसतील. वावर माझं हाय. एका रांगंत बांधा समदी. आन हिचं घर माझ्या शेजारी द्या. मधी भिंत एकच घाला, इटा वाचतील."

सगळ्यांना ते पटलं असं नाही. माझे चुलत सासरे उठून गेले. त्यांनी जुन्या जोत्यावरच घर बांधलं आणि मरेपर्यंत आमच्या रांगेतल्या कुठल्याच घरचं पाणी घेतलं नाही. मावशींनी त्यांनाही एकदा विचारलं म्हणे, का बरं. ते कुत्र्याला हाकलल्यासारखा हात करून आत गेले. त्या दिवशी मात्र मावशी जेवल्या नाहीत.

घरं सावडीनं बांधायची ठरली. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाचं काम करायचं, त्याचं झालं की दुसऱ्याचं. मावशींचा उत्साह इतका की घोडेगावहून आणलेला गवंडी दोन दिवसांत थापी टाकून निघाला. "ह्या बाईला आवरा. वीट आडवी का, उभी का. मी बांधू का सांगू?" कधी न बोलणारे नाना त्याच्या मागे गेले आणि त्याला घेऊन आले. त्यांनी त्याला काय सांगितलं, हे मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याची त्यांना फार रुखरुख होती. स्वयंपाकघरात धूर कोंडतो तर पश्चिमेला मोठी खिडकी का नको, असं विचारून त्यांनी सगळ्यांना तशा खिडक्या ठेवायला लावल्या. पावसाळ्यात त्या खिडक्यांतून चुलींवर पाणी आलं. रांगेतल्या सगळ्या बायकांनी त्यांचा उद्धार केला. मावशी डोक्यावर इरलं घेऊन दारोदार गोणपाट लावत फिरल्या. "माझंच चुकलं बायांनो. वारं कुठनं येतं ते इचारायचं ऱ्हायलं."

हरिभाऊंच्या घराची पाळी आली त्या सकाळी कुणी आलं नाही. मी ओट्यावरून बघत होते. हरिभाऊ आणि त्यांची बायको दोघंच पाया खणत होती. लेकरं माती उचलत होती. शेजारच्या घरांतले पुरुष जागे होते, दारात उभे होते, पण पाय कुणाचा हलत नव्हता. तेवढ्यात मावशी पदर खोचून घमेलं घेऊन निघाल्या. त्या हरिभाऊंना काही बोलल्या नाहीत. चिखलाच्या आळ्यात उतरल्या आणि तुडवायला लागल्या. वयानं त्यांना ते झेपत नव्हतं. पाय काढताना तोल जात होता.

आत्याबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात तेव्हा नुकतेच मोकळे झाले होते, कातडी गुलाबी होती. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "पडंल ती. जा, धर तिला." मी गेले. माझ्यामागून माझे यजमान आले, मग नाना, मग एकेक करून बाकीचे. दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी झाली. हरिभाऊंची बायको सगळ्यांना चहा देत होती आणि पदरानं तोंड झाकून घेत होती.

पुढची बारा-तेरा वर्षं मावशी माझ्या भिंतीपलीकडे राहिल्या. माझं नवं मशीन आलं. त्या ओट्यावर येऊन बसायच्या. त्यांच्याकडे बुद्धपौर्णिमेला खीर असायची आणि आत्याबाई ती वाटी पुढे करून मागून घ्यायच्या. आत्याबाई गेल्या, मग नाना गेले. मावशींचे गुडघे धरले. मुलगा त्यांना पिंपरीला न्यायला आला.

डिंभ्याच्या थांब्यावर मी पोचवायला गेले होते. गाडी नेहमीसारखी उशिरा होती. मुलगा सामान घेऊन टपरीकडे गेला, तेव्हा मी विचारलं, "मावशी, एवढं सगळं विचारलंत आयुष्यात. पण वणवा कुणी लावला, हे तुम्ही कधीच कुणाला विचारलं नाही."

"इचारलं आस्तं तर कळलं आस्तं, पोरी. मला माझी खोड ठाव हाय, मी सोडलं नसतं. आन कळल्यावर त्याच्या घराचा चिखल तुडवाया कोन गेलं आस्तं? मी तरी गेले आस्ते का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई. म्हून तर जमलं."

गाडी आली. चढताना मी त्यांना कमरेतून आधार दिला. पिंपरीहून त्यांचे निरोप येत राहिले. तिथल्या लिफ्टची दोरी तुटत कशी नाही, याची चौकशी चालू आहे, असं मुलगा सांगायचा. पुढे एका हिवाळ्यात त्या गेल्याचं कळलं. आम्ही वाडीतले पाच-सहा जण गेलो. बुद्धवंदना झाली.

त्यांचं घर मुलानं बंद करून ठेवलं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मी एका सकाळी दार उघडलं तर हरिभाऊ विळा घेऊन मावशींच्या घराभोवतीचं वाळलं गवत कापत होते. ओट्याखालचं, भिंतीच्या कडेचं, परसातलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कापलेलं गवत त्यांनी लांब नेऊन टाकलं, मागच्या भिंतीचा पोपडा निघाला होता तिथे माती लिंपली. तेव्हापासून दरवर्षी ते हे करतात. आता त्यांचंही वय झालं आहे. बसत बसत कापतात.

यंदा काम झाल्यावर ते माझ्या ओट्यावर टेकले. विळा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वयनी, मावशीनं मला कदी इचारलं न्हाई." एवढं बोलून थांबले. पुढे काही सांगावं की नाही, असं त्यांच्या मनात चाललेलं मला दिसत होतं. मला ऐकायचं होतं. इतकी वर्षं ऐकायचंच होतं, आणि या घडीला मी नुसतं "काय, भाऊजी?" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी आत गेले आणि चहा टाकला. दोन कप घेऊन बाहेर आले, एक त्यांच्या हातात दिला. ते घोट घेत डोंगराकडे बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, माझ्या थोरल्या मुलीचं बाळंतपण कधी आहे, आणि मी सांगत बसले.